रत्नपालच्या हातातलं बटण

गावाचं नाव सांगत नाही. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, खजुरीच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर ग्रामपंचायतीचं पत्र येईल, ते कन्नडात असेल, आणि ते वाचून घ्यायला परत त्याच ग्रामपंचायतीत जावं लागेल. रत्नपालचं नाव सांगायला मात्र हरकत नाही. त्यानं आपली अब्रू स्वतःच सगळ्या गावासमोर भोंग्यावरून जाहीर केली आहे.

रत्नपाल माईकवाला. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटकुळा, उजव्या कानानं जरा कमीच ऐकणारा. तीस वर्षं भोंग्याखाली बसल्यावर दुसरं काय होणार? त्याच्याकडं एक मशीन, दोन भोंगे, एक बॅटरी आणि एक माईक. लग्न, जयंती, जत्रा, शाळेचं झेंडावंदन, निवडणूक, सगळीकडं हाच सेट. त्यानं आजवर इतकी भाषणं ऐकली होती की माणूस खुर्चीतून कसा उठतो ते बघूनच तो किती वेळ घेणार हे त्याला कळायचं. ‘दोन शब्द बोलतो’ म्हणणारा पाऊण तास खातो, ‘वेळेअभावी थोडक्यात’ म्हणणारा दीड तास, आणि ‘मला काही बोलायचं नव्हतं’ म्हणून सुरुवात करणाऱ्यासाठी दुसरी बॅटरी तयार ठेवावी लागते.

या सगळ्या भाषणांत एक वाक्य हमखास यायचं. लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले राज्य. एका पुढाऱ्यानं ते आपल्या कैलासवासी वडिलांच्या तोंडी घातलं. खत विकायला आलेल्या एका माणसानं ते खताच्या गोणीला चिकटवलं. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं आशीर्वाद म्हणून ते म्हटलं, आणि त्यावर अक्षताही पडल्या. रत्नपाल मशीनमागं बसून गालात हसायचा. कारण ते वाक्य कुणाचं, कुठलं आणि त्याच्या आधी काय काय म्हटलं होतं, हे त्या सगळ्या मंडपात फक्त त्याला ठाऊक असायचं.

ते त्याला शिकवलं लिंगराज गुरुजींनी, सातवीत असताना. गुरुजी लिंगायत घरातले. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि राग आला की दखनी. तालुक्याला वक्तृत्वस्पर्धा होती आणि गुरुजींनी बौद्धवाड्यातल्या या काटकुळ्या पोराला उभं करायचं ठरवलं. त्यांनी त्याला ती गोष्ट सांगितली. अमेरिकेत यादवी पेटली होती. माणसाला गुलाम करून ठेवायचं की नाही, यावरून भाऊ भावाच्या जिवावर उठला होता. एका रणांगणावर हजारो माणसं मेली, त्यांच्यासाठी तिथंच स्मशान केलं आणि त्या कार्यक्रमाला लिंकनसाहेबांना बोलावलं. मुख्य वक्ता दुसराच होता. तो दोन तास बोलला. मग लिंकनसाहेब उठले आणि दोन-तीन मिनिटांत खाली बसले. फोटोवाला म्हणे कॅमेऱ्याची पेटी लावतच राहिला.

गुरुजींनी ते भाषण आपल्या मराठीत बसवून दिलं होतं. सगळी माणसं सारखीच जन्माला येतात, या बोलीवर हा देश उभा राहिला. इथं जे मेले त्यांनी आपलं काम केलं. त्यांचं राहिलेलं काम जित्या माणसांनी पुरं करायचं आहे. आणि मग ते लोकांचं राज्य. रत्नपालनं स्पर्धेत ते घडाघडा म्हटलं आणि दोन मिनिटांत खाली बसला. बाकीची पोरं दहा-दहा मिनिटं हातवारे करून घामाघूम झाली होती. परीक्षक म्हणाले, भाषण चांगलं होतं, पण पोट भरलं नाही. त्याला उत्तेजनार्थ म्हणून प्लास्टिकची साबणदाणी मिळाली. साबण आत नव्हता.

ती साबणदाणी अजून त्याच्या पेटीत आहे. फ्यूज आणि स्क्रू ठेवायला बरी पडते.

आता या माणसाचं पाप सांगतो. तो स्वतःही ते पापच म्हणतो, म्हणून मी शब्द मऊ करत नाही.

बारा वर्षांपूर्वी ग्रामसभेत एक जण रेशनच्या तांदळाबद्दल बोलायला उठला आणि बोलता बोलता नावं घ्यायला लागला. तेव्हा शिवशंकरप्पा ग्रामपंचायतीचे अध्यक्ष होते. सभा संपल्यावर त्यांनी रत्नपालला कडुलिंबाखाली बोलावलं, स्वतःच्या कपातला चहा बशीत ओतून दिला आणि समजावलं. गावाची शोभा होते. बाहेरचे अधिकारी आलेले असतात. तेव्हा असं काही निघालं तर आवाज जरा खाली घ्यावा. ‘मी चष्मा काढून खिशात ठेवला की समजून घे,’ एवढंच ते म्हणाले. रत्नपाल ‘व्हय अप्पा’ म्हणाला. पोटाची भीती होतीच, सेट पंचायतीच्या कामावरच चालायचा. पण त्याहून जुनी एक भीती होती, जी त्याच्या बापालाही होती आणि आज्यालाही होती. तिला कारण लागत नाही.

पुढं रत्नपाल या कामात तरबेज झाला. आवाज एकदम बंद करायचा नाही, हे त्यातलं कसब. एकदम बंद केला की लोक ओरडतात. भाताखालचा जाळ कमी करतात तसं बटण हळूहळू मागं घ्यायचं. बोलणाऱ्याला वाटतं, आपलाच घसा बसला. मागच्या लोकांना वाटतं, पुढं काही खास चाललेलं नाही. मग ते आपापसात बोलायला लागतात आणि गलक्यात तक्रार बुडते. एखादा चिवट निघालाच तर माईकला बारीक शिट्टी मारू द्यायची. चांगला पैलवान गडीसुद्धा त्या शिट्टीनं दचकून खाली बसतो. नंतर उठायचं, माईकवर टिचकी मारायची, दोनदा फुंकायचं, ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं आणि वायरीला शिव्या द्यायच्या. गावात सगळे म्हणायचे, माणूस भला आहे, सेटच खटारा आहे. त्याची बायको मंगल तर स्वतःच सगळ्यांची समजूत घालायची. मशीन जुनं झालंय, ते तरी काय करतील, म्हणायची.

पुढं अध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं आणि शिवशंकरप्पांच्या पत्नी कमलम्मा अध्यक्ष झाल्या. म्हणजे पाटीवर झाल्या. सह्या त्या करायच्या आणि कशावर करायच्या ते अप्पा सांगायचे. ग्रामसभेत अध्यक्षांच्या शेजारी अध्यक्षांच्या नवऱ्याला खुर्ची ठेवावी असं कुठल्या कायद्यात आहे ते मला ठाऊक नाही, पण खुर्ची असायची, आणि ती हातांची असायची. कमलम्मांची प्लास्टिकची. रत्नपालच्या मनात ते वाक्य तेव्हापासून निराळंच वाजायचं: कमलम्मांचे, अप्पांनी, अप्पांसाठी. पण मनातल्या मनात. भोंग्यावर तो ‘हॅलो’च्या पुढं कधी गेला नव्हता.

मागच्या भाद्रपदात रत्नपालची आई, सुभद्राबाई, वारली. बौद्धवाड्याची मसणवाट नकाशावर चांगली आठ फूट रुंद आहे. जमिनीवर ती नाही. अप्पांच्या चुलतभावानं दरवर्षी नांगराची एक-एक ओळ आत सरकवत ती खाऊन टाकली आणि आता तिथं तूर डोलत होती. तुरीतून तिरडी नेली तर भांडण, म्हणून लोक ओढ्यानं निघाले. ओढ्यात गुडघ्याएवढा गाळ. पुढचा खांदा रत्नपालचा होता. त्याचा पाय सरकला, तिरडी कलली आणि म्हातारीचा एक हात पांढऱ्या कापडातून निसटून गाळात गेला. सगळे थांबले. मंगलनं पुढं होऊन तो हात ओढ्याच्या पाण्यानं धुतला, बोटं एकेक करून धुतली, आणि परत कापडात ठेवला. रत्नपाल तेव्हा रडला नाही. खांद्यावर ओझं असताना रडायला जमत नाही. पण तो हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

तेराव्या दिवशी मंगलनं सांगितलं की ती ग्रामसभेत बोलणार आहे.

 अर्ज देऊ, असं रत्नपालनं सुचवलं. तिनं वाटेसाठी आधीच दिलेल्या तीन अर्जांच्या पोचपावत्या काढून दाखवल्या. दुसऱ्या कुणाला बोलायला सांगू, म्हणाला. तिनं विचारलं, सासू माझी आणि बोलायचं दुसऱ्यानं का? मंगल बचत गटाची बाई, शेतातून हाक मारली तर वाड्यात ऐकू जाईल असा आवाज. तिला माईकची भीती नव्हती. माईकची भीती रत्नपालला होती, आणि का आहे ते तिला सांगायची छाती नव्हती.

शेवटी त्यानं तिला एक धंद्यातली गोष्ट सांगितली. लांब बोललीस तर कुणी ऐकणार नाही, दोन मिनिटांत आटप. आणि मग लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच त्यानं तिला लिंकनसाहेबांची सगळी गोष्ट सांगितली, स्मशानासकट. ती तुरीची डाळ निवडत ऐकत होती.

‘आन त्यांचा माईक कसा होता?’ तिनं विचारलं.

‘माईकच नव्हता तवा.’

‘मग बरं ऐकू आलं लोकांला,’ मंगल म्हणाली आणि डाळीतला खडा काढून फेकला.

तिनं हे सहज म्हटलं की तिला काही ठाऊक होतं, याचा विचार रत्नपाल पुढचे पंधरा दिवस करत होता.

मार्गशीर्षात ग्रामसभा ठरली. रत्नपालनं मनाशी बेत केला. अप्पांकडं बघायचंच नाही. खूण दिसली नाही तर पाळायचा प्रश्न येत नाही. पुढं अप्पांनी विचारलंच तर उजव्या कानासारखा डोळाही गेला म्हणून सांगू. हा शौर्याचा बेत नव्हता हे मला मान्य आहे, पण त्याच्या ऐपतीप्रमाणं तो होता. त्यानं मशीन व्यासपीठाकडं पाठ करून मांडायचा प्रयत्न केला. वायर पुरली नाही. मग नेहमीच्याच जागी, अप्पांच्या समोर, बसावं लागलं.

पंचायतीच्या पीडीओ, म्हणजे विकास अधिकारी, नागरत्ना मॅडम गुलबर्ग्याहून एसटीनं आल्या होत्या आणि ठरावाची वही उघडून बसल्या होत्या. मागच्या सभेचं इतिवृत्त कन्नडात वाचून झालं, लोकांनी न ऐकता माना हलवल्या. एका सदस्यानं प्रास्ताविक केलं आणि लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी हे त्यात होतंच. मग व्यासपीठावर चहा आला. नेमकी तेव्हाच मंगल उठली, पदर खोचून माईकपाशी गेली आणि नमस्कार, चमत्कार, मान्यवर वगैरे काही न म्हणता थेट बोलायला लागली.

रत्नपालनं नजर मशीनवर रोवली. लाल दिवा, काळं बटण, साबणदाणी. दिवा, बटण, साबणदाणी. मंगल तीन अर्जांबद्दल सांगत होती. आवाज खणखणीत होता, पाराजवळच्या हॉटेलातली माणसंसुद्धा बाहेर येऊन उभी राहिली. रत्नपालच्या छातीत आनंद मावेना. त्या आनंदातच त्याची मान वर झाली आणि सवयीनं डोळे अप्पांवर गेले. अप्पांचा हात चष्म्याकडं गेला होता. चष्मा निघाला.

मंगलचा आवाज खाली आला. हळूहळू, भाताखालचा जाळ कमी करावा तसा. पुढं एकदोन जणांनी कानामागं हात धरला, मागं कुणीतरी विड्याचं पान मागितलं. रत्नपालनं चमकून खाली पाहिलं. बटण मागं गेलेलं होतं आणि त्यावर त्याचीच बोटं होती. त्यानं पुन्हा वर पाहिलं. शिवशंकरप्पांनी चहाच्या वाफेनं धुरकटलेला चष्मा शेल्याच्या टोकानं पुसला होता, परत डोळ्यांवर चढवला होता आणि ते निवांत चहा पीत होते. चष्मा खिशात गेलाच नव्हता. खूण झालीच नव्हती.

म्हणजे त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

बारा वर्षं तो स्वतःची समजूत घालत आला होता, अप्पा सांगतात, मी करतो, माझं काय त्यात. आज अप्पांनी सांगितलं नव्हतं. आज सांगणारा त्याच्या हातातच होता. रत्नपालला आपल्या हाताची किळस आली. आईचा हात गाळात पडला होता आणि याचा हात कोरडा, स्वच्छ, बटणावर होता.

मंगलनं बोलणं थांबवलं. माईकवर टिचकी मारली. मग अठ्ठावीस वर्षांच्या विश्वासानं त्याच्याकडं वळली.

‘अहो, बगा की जरा, काय झालंय त्याला.’

रत्नपाल उठला. आधी त्यानं बटण पूर्ण पुढं नेलं. मग नेहमीसारखा माईकपाशी गेला, नेहमीसारखी टिचकी मारली, दोनदा फुंकलं आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणाला. लोक आपापल्या गप्पांकडं वळायला लागले, कारण हा खेळ त्यांना पाठ होता. तेव्हा भोंग्यातून पुढचं आलं.

‘माईक खराब न्हाई. कदीच खराब नव्हता. आवाज मी कमी करतो. बारा वर्सं करायलोय. आत्ता बी मीच केला, आन आत्ता तर मला कुणी सांगितलं बी नव्हतं.’

भाषण संपलं. लिंकनसाहेबांपेक्षाही लहान झालं.

 मंगल नवऱ्याकडं बघत होती. त्या नजरेबद्दल रत्नपाल आजही बोलत नाही. मागून एकानं शिवी घातली, दुसऱ्यानं विचारलं की रेशनचं परत काढलं तेव्हा पण का. रत्नपालनं ‘व्हय’ म्हणून मान हलवली. शिवशंकरप्पा उठून म्हणाले की हा दारू पिऊन आलेला दिसतो, सभा तहकूब करा. त्यांच्यापुढं माईक नव्हता, त्यामुळं फारसं कुणाला ऐकू गेलं नाही.

पण प्लास्टिकच्या खुर्चीवरून कमलम्मा उठल्या होत्या. त्या कधी उठत नसत. मागच्या दोन वर्षांत दोनदा त्यांनी सभेत बोलायचा प्रयत्न केला होता, एकदा अंगणवाडीच्या छपराबद्दल आणि एकदा बायकांच्या संडासाबद्दल, आणि दोन्ही वेळा त्यांना वाटलं होतं की आपल्यालाच बोलता येत नाही. घरी अप्पांनीही तसंच सांगितलं होतं. त्या माईकपाशी आल्या.

‘माझा बी केलतास?’

‘व्हय अक्का,’ रत्नपाल म्हणाला. ‘दोनदा.’

कमलम्मांनी नवऱ्याकडं बघितलं, पण फार वेळ नाही. त्यांनी नागरत्ना मॅडमना कन्नडात सांगितलं की ही बाई काय बोलते ते शब्दाला शब्द लिहून घ्या, सही मी करणार आहे, वाचून करणार आहे. मग मंगलच्या हातात माईक दिला.

शिवशंकरप्पांनी चष्मा काढला, घडी घातली आणि या वेळी तो खिशात गेला. रत्नपाल मशीनमागं येऊन बसला होता. त्याची बोटं वळवळली. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला.

मंगलनं रस्ता सांगितला, नकाशा सांगितला, तूर कुणाची ते नावासकट सांगितलं. सासूचा हात गाळात पडला तेही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, ‘मेलेल्याला रस्ता लागत न्हाई, ते कुटूनबी जातंय. खांदा देणारं माणूस जितं असतंय. तुमचं माणूस मेलं तर फरशीपुलावरून जातंय, आमचं गाळातून. जन्माला आलो तवा तरी सारकेच होतो ना आपण?’

मसणवाट मोजून मोकळी करायची आणि ती ओढा ओलांडते तिथं फरशीपूल घालायचा, असा ठराव झाला. हात वर करा म्हटल्यावर बौद्धवाड्याचे सगळे झाले, वरच्या गल्लीतल्या बायकांचेही बरेच झाले, आणि त्यांचे नवरे त्यांच्याकडं बघत राहिले.

यानंतर सगळं गोड झालं असं सांगायला मला आवडलं असतं. मोजणीवाला आला, दगड रोवले गेले, तुरीची काढणी झाल्यावर वाट मोकळी झाली. ओढ्यावरची फरशी काही आली नाही, ती कागदावरच आहे. रत्नपालचं पंचायतीचं काम गेलं. रेशनची तक्रार करणारा तो माणूस त्याच्याशी बोलत नाही. मंगल तीन आठवडे बोलली नाही. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि निघून जायची. एक दिवस तिनं विचारलं, ‘मला कामून सांगितलं न्हाई?’ तो म्हणाला, भ्यालो. त्यावर ती एवढंच म्हणाली की आता भ्यायचं ते मला सांगून भ्या. तेव्हापासून ती बोलते. जास्तच बोलते.

उन्हाळ्यात पुन्हा ग्रामसभा झाली. सेट आळंदहून मागवला होता, महेशकुमार नावाच्या माणसाचा, नवाकोरा. कमलम्मांनी मशीन व्यासपीठापासून उचलायला लावलं आणि बायका बसतात तिथं मधोमध ठेवलं, बटण लोकांकडं करून. बसव्वा नावाची सत्तरीची म्हातारी त्याला टेकून पहाऱ्याला बसली. महेशकुमारनं वायर घट्ट करायला हात पुढं केला तरी ती त्याच्या मनगटावर चापट मारायची.

आणि अर्ध्या सभेत आवाज गेला. सगळं गाव महेशकुमारकडं वळलं. तो बिचारा आईची शपथ घ्यायला लागला. रत्नपाल पुढं गेला, मशीन उघडून बघितलं आणि म्हणाला की फ्यूज खरंच उडाला आहे. कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटी मंगलनं स्वतः फ्यूज काढून उजेडात धरला, आतली तार तुटलेली बसव्वाला दाखवली, आणि बसव्वानं मान डोलावल्यावर गावाला पटलं. रत्नपालनं साबणदाणी घरून आणू का म्हणून विचारलं. लोक म्हणाले, राहू दे, तसंच बोला.

सभा तशीच पुढं चालली. लोक जवळ सरकून बसले आणि बोलणाऱ्याकडं तोंड करून ऐकायला लागले. मग मागून रत्नपालचा हात वर झाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो ग्रामसभेत काही विचारायला उभा राहत होता. तोंड उघडलं तर सवयीनं ‘हॅलो, हॅलो’ बाहेर पडलं आणि सगळं गाव हसलं. मंगलनं पदराआडून त्याला दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं.

त्याला तेवढी लागली नाहीत. ओढ्यावरच्या फरशीचं काम राहिलंय, ते पावसाच्या आत होणार का, एवढंच त्यानं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत तो उभाच राहिला.